स्पर्शदर्शनापासून नगरदर्शनापर्यंत : अंध प्रवासी आणि त्याचा साथीदार

गोदावरीच्या दक्षिणेकडील पट्ट्यात, बीड जिल्ह्याच्या गेवराई तालुक्यात वसलेल्या उमापूरसारख्या गावातील माणसाचा लांबचा प्रवास शतकानुशतके मुख्यतः तीर्थांच्या दिशेने होत आला. वायव्येला एकनाथांचे पैठण, तालुक्यातच गोदाकाठी शनीचे राक्षसभुवन, आग्नेयेला परळीचे वैजनाथ आणि दक्षिणेला पंढरपूर ही त्याची ठरलेली ठिकाणे होती. मुंबईसारखे महानगर या यादीत बऱ्याच उशिरा शिरले. या यात्रेकरूंत अंध माणसेही असत, कारण देवीची साथ, खुपऱ्या, मोतीबिंदू आणि दुष्काळातील उपासमार यांनी दृष्टी हिरावून घेतलेली माणसे जुन्या काळी गावोगाव होती आणि तीर्थयात्रेच्या पुण्यातून त्यांना कोणी वगळलेले नव्हते. अंध माणूस तीर्थाला किंवा शहराला जातो तेव्हा त्याच्या पदरात काय पडते हे त्याच्या कानांवर आणि हातांवर जितके अवलंबून असते, तितकेच त्याच्या सोबत्याच्या जिभेवर असते, आणि म्हणून अंधांच्या पर्यटनाचा इतिहास हा बऱ्याच अंशी त्यांच्या साथीदारांचाही इतिहास ठरतो. तो सरळ प्रगतीचा नाही: तीर्थक्षेत्राने अंध यात्रेकरूला जे सहज दिले होते ते शहराने आधी काढून घेतले, आणि पुढे तुकड्यातुकड्यांनी, तेही अपुरे, परत केले.

मराठी गद्याच्या अगदी आरंभीच अंधांनी एखादी नवलाची गोष्ट ‘पाहायला’ जाण्याचा प्रसंग आलेला आहे. महानुभाव पंथाच्या केसोबासांनी तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात चक्रधरांच्या तोंडचे दृष्टांत ‘दृष्टांतपाठ’ या ग्रंथात संकलित केले; त्यात आधी सूत्र, म्हणजे सिद्धांताचे लहानसे वाक्य, मग दृष्टांत, म्हणजे ते समजावणारी गोष्ट, आणि शेवटी दार्ष्टांतिक, म्हणजे त्या गोष्टीचा सिद्धांताशी लावून दाखवलेला संबंध, अशी मांडणी आढळते. त्यातला हत्तीचा दृष्टांत शालेय पुस्तकांमुळे सर्वपरिचित आहे. गावात हत्ती येतो, जन्मांध माणसे त्याला चाचपून येतात, ज्याच्या हाती पाय लागला त्याला हत्ती खांबासारखा वाटतो, ज्याच्या हाती कान लागला त्याला सुपासारखा, आणि डोळस माणूस मात्र हे सगळे एकाच हत्तीचे अवयव आहेत असे जाणतो. ही कथा मुळात त्याहून जुनी असून ‘उदान’ या पाली बौद्ध ग्रंथात ती श्रावस्तीच्या राजाच्या नावावर सांगितलेली आहे, आणि त्या पाठात एक तपशील असा आहे की ज्याकडे कथेचे तात्पर्य सांगणारे सहसा लक्ष देत नाहीत: राजाचा सेवकच काही अंधांना हत्तीचे फक्त डोके दाखवतो, काहींना फक्त कान, काहींना फक्त सोंड. म्हणजे अपुरे ज्ञान हा त्या माणसांच्या अंधत्वाचा परिणाम कमी आणि त्यांना हत्तीपाशी नेणाऱ्याच्या कामचुकारपणाचा, किंवा राजाज्ञेचा, परिणाम अधिक होता. त्यांचा हात धरून त्यांना सोंडेपासून शेपटीपर्यंत एक फेरी घालू दिली असती, तर भांडणाला कारणच उरले नसते आणि तत्त्वज्ञांना एक सोयीची कथा गमवावी लागली असती.

याच्या उलट टोकाचा साथीदार म्हणजे संजय. महाभारतातील भीष्मपर्वात तो हस्तिनापुरात बसलेल्या अंध धृतराष्ट्राला कुरुक्षेत्रावरील युद्ध सांगतो, आणि गीता ही रचनेच्या दृष्टीने एका डोळसाने एका अंधाला केलेले वर्णन आहे. उमापूरपासून फार दूर नसलेल्या नेवाशात शके १२१२ मध्ये, म्हणजे इ. स. १२९० मध्ये, सिद्ध झालेल्या ज्ञानेश्वरीने ही चौकट नुसती स्वीकारली नाही, तर फुलवली. विश्वरूपाच्या आणि उपसंहाराच्या प्रसंगी वर्णन करणारा संजय स्वतःच भारावून जातो आणि ज्याच्यासाठी हे सारे चालले आहे तो राजा कोरडाच राहतो, हा विरोध ज्ञानेश्वरांनी मोठ्या कौशल्याने रंगवला आहे. वर्णन कितीही उत्तम असले तरी ऐकणाऱ्याला नेमके काय हवे आहे हे ओळखल्याशिवाय ते पोहोचत नाही, हा अनुभव अंध पर्यटकाबरोबर हिंडणाऱ्या आजच्या वर्णनकारालाही येतो. धृतराष्ट्राला आपल्या मुलांचे काय झाले एवढेच हवे होते.

ग्रंथांकडून प्रत्यक्ष यात्रेकडे वळल्यावर चित्र पुष्कळ वेगळे दिसते. मराठी मुलखातील यात्रा ही केवळ डोळ्यांची क्रिया कधीच नव्हती. पंढरपुरात विठ्ठलाचे पदस्पर्शदर्शन, म्हणजे गाभाऱ्यात जाऊन मूर्तीच्या पायांवर प्रत्यक्ष डोके ठेवणे, हे दुरून घेतलेल्या मुखदर्शनापेक्षा श्रेष्ठ मानले जाते, आणि परळीच्या वैजनाथाच्या लिंगाला भाविकाने स्वतः स्पर्श करण्याची प्रथा आहे. अशा ठिकाणी अंध यात्रेकरूला जे मिळते ते डोळसाला मिळते त्याहून रतीभरही कमी नसते. समचरणांचा थंड दगड दोघांच्या कपाळाला सारखाच लागतो. नदीचे स्नान, प्रदक्षिणा, घंटा, बुक्का, तुळस आणि प्रसाद यांतही डोळ्यांना विशेष मान नाही. पैठणहून निघणारी एकनाथांची पालखी बीड जिल्ह्यातील रायमोहा व पाटोदा या भागातून पुढे पंढरपुराकडे जाते, आणि तिच्यातील दिंडी, म्हणजे एका पताकेखाली व एका वीणेकऱ्यामागे चालणारा वारकऱ्यांचा गट, ही चालण्याची रचनाच अशी आहे की टाळमृदंगाच्या आवाजावरून माणसाला आपली जागा आणि चालण्याचा वेग कळत राहतो. स्वतः एकनाथांनी आपल्या भारुडांत, म्हणजे लोकनाट्याच्या अंगाने जाणाऱ्या रूपकात्मक पदांत, आंधळा, बहिरा, मुका यांना बोलते केले आहे. ती पात्रे अध्यात्मासाठी योजलेली असली तरी ज्या रस्त्यांवरून ती उचलली ते रस्ते याच गोदाकाठचे होते.

मात्र या स्पर्शाचे गुणगान करताना एक गोष्ट विसरून चालणार नाही. तो स्पर्श सर्वांसाठी खुला नव्हता. पंढरपूरच्या विठ्ठलमंदिरात अस्पृश्य मानलेल्या जातींना प्रवेश मिळाला तो साने गुरुजींच्या उपोषणानंतर, १९४७ मध्ये. त्याआधी त्या जातींतील अंध वारकऱ्याला शतकानुशतके, पायी चालत येऊनही, संत चोखोबाच्या समाधीपाशीच थांबावे लागे, आणि त्याचे अडणे डोळ्यांमुळे नव्हते. वाट दाखवण्याचे काम ज्यांच्याकडे वतन म्हणून होते त्यांत महार प्रमुख होते, हेही येथे नोंदवले पाहिजे. सरकारी कामाने येणाऱ्या प्रवाशाला आपल्या गावच्या शिवेपर्यंत पोचवून पुढच्या गावच्या वाटाड्याच्या हवाली करणे हे त्यांच्या बलुत्याच्या कामांपैकी एक होते, म्हणजे जुन्या काळी अनोळखी मुलखात डोळस माणूसही दुसऱ्याच्या डोळ्यांनीच चालत असे. फरक इतकाच की त्याला हा वाटाड्या हुकुमाने मिळे आणि अंधाला नात्याने किंवा दयेने.

नात्याने मिळणारा साथीदार बहुधा लहान मुलगा असे: नातू, पुतण्या, भाचा. काठीचे एक टोक अंधाच्या हाती आणि दुसरे पुढे चालणाऱ्या पोराच्या हाती, ही जोडी भारतभर परिचित होती. तिच्याकडे पाहताना लेखकांची सहानुभूती नेहमी मागच्या माणसाकडे गेली. पुढच्या मुलाची शाळा, त्याचे खेळ, त्याला यात्रेत काय पाहायचे होते, याची दखल क्वचितच घेतली गेली. सांख्य दर्शनाने प्रकृती आणि पुरुष यांचा संबंध समजावण्यासाठी अंधपंगुन्याय वापरला, म्हणजे आंधळ्याच्या खांद्यावर पांगळा बसतो, एक चालतो आणि दुसरा वाट सांगतो, असा दाखला दिला. त्यात दोघांची गरज सारखी आहे. काठीच्या जोडीत ती तशी नव्हती, आणि हे ओझे मुलांवरून उतरायला विसावे शतक निम्मे उलटावे लागले.

मुंबई या कथेत येते ती आधी शब्दांच्या रूपाने. गोविंद नारायण माडगांवकरांचे ‘मुंबईचें वर्णन’ १८६३ मध्ये प्रसिद्ध झाले आणि पाठोपाठ १८६८ मध्ये ना. वि. जोशी यांचे ‘पुणें शहराचें वर्णन’ आले. ज्यांनी शहर पाहिलेले नाही त्यांना ते वाक्यांनी दाखवणे हाच या ग्रंथांचा हेतू होता, आणि ते मोठ्याने वाचून दाखवण्याची त्या काळची रीत लक्षात घेतली, तर अंध श्रोता आणि गावाबाहेर न पडलेला डोळस श्रोता यांची स्थिती माडगांवकरांपुढे एकच होती. परंतु त्याच सुमारास शहरात पाहण्याच्या नव्या संस्था उभ्या राहत होत्या आणि त्या पूर्णपणे डोळ्यांसाठी होत्या. भायखळ्याच्या राणीच्या बागेतील संग्रहालय, आजचे डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय, १८७२ मध्ये लोकांसाठी उघडले. प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियम, म्हणजे आजचे छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय, १९२२ मध्ये उघडले. या इमारतींत तीच देवमूर्ती, जिच्या पायांवर गावाकडे डोके ठेवता येई, दोरापलीकडे किंवा काचेआड गेली आणि तिला हात लावणे हा गुन्हा ठरला. वस्तू टिकवण्यासाठी हा नियम आवश्यक होता यात शंका नाही. हजारो हातांच्या घामाने दगडही झिजतो. पण त्याचा परिणाम असा झाला की यात्रेत हातांनी होणारे काम शहरात संपूर्णपणे साथीदाराच्या तोंडावर येऊन पडले, आणि त्या साथीदाराला हे काम कोणी शिकवलेले नव्हते.

उमापूरच्या माणसाला ही मुंबई भूगोलाने जितकी दूर होती त्याहून राज्यकारभाराने अधिक दूर होती. बीड जिल्हा सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता, तर पश्चिमेला लागून असलेले शेवगाव आणि पाथर्डी ब्रिटिश मुंबई इलाख्यातील नगर जिल्ह्यात होते. मध्ये करोडगिरीचे, म्हणजे संस्थानच्या जकातीचे, नाके होते. मनमाड ते सिकंदराबाद हा मीटरमापी लोहमार्ग विसाव्या शतकाच्या आरंभी औरंगाबाद व जालन्यावरून गेला, पण बीड शहर त्याच्या वाटेवर नव्हते. मुंबई इलाख्यात १ जून १९४८ रोजी पुणे–अहमदनगर ही एसटीची पहिली गाडी धावली, १९५६ मध्ये मराठवाडा मुंबई राज्यात आला, १९६० मध्ये महाराष्ट्र झाला, आणि त्यानंतर एसटीने नगर गाठून पुढे मुंबईकडे जाण्याची वाट नेहमीची झाली. या वाटेने जाणाऱ्या दृष्टिहीनाचे पहिले कारण पर्यटन क्वचितच असे. भायखळ्याचे जे. जे. रुग्णालय आणि त्याच्याशी संलग्न असलेले सर कावसजी जहांगीर नेत्ररुग्णालय यांची कीर्ती मराठवाड्यात दूरवर होती, आणि लातूर जिल्ह्यातून आलेले नेत्रशल्यविशारद डॉ. तात्याराव लहाने, ज्यांना २००८ मध्ये पद्मश्री मिळाली, यांच्या काळात ती आणखी वाढली. डोळे तपासायला आलेल्या म्हाताऱ्याला परत नेण्यापूर्वी गेटवे, राणीचा बाग आणि चौपाटी ‘दाखवून’ आणायची, ही पद्धत या दवाखान्याच्या फेऱ्यांतूनच पडली; ज्याची दृष्टी परत येणार नाही असे डॉक्टरांनी सांगितलेले असे, त्यालाही ही फेरी चुकत नसे.

अंधांच्या शिक्षणाची मराठी मुलखातील सुरुवातही दुष्काळाने घडवली. १८९९–१९०० च्या भीषण दुष्काळात अनाथ झालेल्या मुलांत दृष्टी गमावलेली मुले होती. त्यांच्यासाठी अमेरिकन मराठी मिशनच्या ॲना मिलार्ड यांनी १९०० मध्ये मुंबईत शाळा काढली, जी पुढे दादरला स्थिरावली आणि आज कमला मेहता यांच्या नावाने अंध मुलींची शाळा म्हणून ओळखली जाते. १९०२ मध्ये ताडदेवला व्हिक्टोरिया मेमोरियल अंधशाळा सुरू झाली, १९३४ मध्ये पुण्यात अंधशाळा व वसतिगृह निघाले, आणि १९५२ मध्ये मुंबईत राष्ट्रीय अंधजन संघटना, म्हणजे ‘नॅब’, स्थापन झाली. उठावाच्या ठिपक्यांची ब्रेल लिपी भारतात अनेक परस्परविसंगत रूपांत वापरली जात होती. १९५१ मध्ये सर्व भारतीय भाषांसाठी भारती ब्रेल ही एकच पद्धत स्वीकारली गेली, आणि मराठी वाचणारा अंध विद्यार्थी प्रथमच वाचनापुरता तरी साथीदारावाचून मोकळा झाला. त्याआधी हे किती अवघड होते याचे सर्वांत मोठे उदाहरण विदर्भातील प्रज्ञाचक्षू गुलाबराव महाराज हे आहे. १८८१ मध्ये जन्मलेले आणि तान्हेपणीच दृष्टी गेलेले हे गृहस्थ १९१५ मध्ये पुण्यात वारले तेव्हा अवघे चौतीस वर्षांचे होते, आणि तोवर त्यांनी शंभराहून अधिक लहानमोठे ग्रंथ रचले होते. हे सारे वाचून दाखवणाऱ्या आणि सांगितलेले उतरून घेणाऱ्या शिष्यांच्या आधाराने झाले. त्या वाचकांचे काम बारकाईने कोणी तपासले, तर साथीदारीचा तो मराठीतील सर्वांत श्रीमंत अध्याय ठरेल.

शाळांनी आणखी एक गोष्ट आणली, ती म्हणजे चालण्याचे शास्त्र. पांढरी काठी १९२०–३०च्या दशकांत युरोप व अमेरिकेत रूढ झाली, पण तेव्हा ती वाहनचालकांना खूण पटावी एवढ्यासाठीच होती. पावलागणिक जमीन तपासण्याची लांब काठीची पद्धत अमेरिकेत दुसऱ्या महायुद्धात अंध झालेल्या सैनिकांसाठी रिचर्ड हूवर यांनी बसवली. तिच्याच जोडीने डोळस साथीदाराने कसे न्यावे याचे नियम ठरले, आणि ते जुन्या सवयीच्या नेमके उलट आहेत. साथीदाराने अंधाचा हात धरून ओढायचे नसते. अंधाने साथीदाराचे कोपर धरायचे आणि अर्धे पाऊल मागे चालायचे असते, म्हणजे वळण, चढ आणि थांबणे हे सांगण्याआधीच त्याच्या हाताला कळते. पायरीपाशी थांबून ती वरची की खालची एवढेच सांगायचे. अरुंद जागी कोपर पाठीमागे घ्यायचे, म्हणजे मागचा माणूस आपोआप ओळीत येतो. ताटातील पदार्थ घड्याळाच्या काट्यांच्या जागांवरून सांगायचे. या साध्या नियमांनी निर्णय कोणाचा आणि मदत कोणाची हा प्रश्न सुटतो. गावाकडच्या मंडळींना ते परके वाटतात, कारण मनगट घट्ट पकडून गर्दीतून ओढत नेणे हेच तिकडे मायेचे लक्षण समजले जाते.

राज्यसंस्थेने साथीदाराला मान्यता दिली ती तिकिटाच्या खिडकीवर. पूर्णतः दृष्टिहीन प्रवाशाला रेल्वेच्या द्वितीय, शयनयान, प्रथम, तृतीय वातानुकूलित आणि वातानुकूलित खुर्ची या वर्गांत ७५ टक्के, वरच्या दोन वातानुकूलित वर्गांत ५० टक्के, आणि राजधानी-शताब्दीच्या ठरावीक वर्गांत २५ टक्के सवलत मिळते, आणि तितकीच सवलत बरोबरच्या एका साथीदारालाही मिळते. मार्च २०२० मध्ये रेल्वेने बहुतेक सवलती थांबवल्या तेव्हाही दिव्यांगांची ही सवलत कायम राहिली. एसटीतही दिव्यांगांना भाड्यात ७५ टक्के सूट आहे. या तरतुदीचे मोल गरीब घरात फार मोठे आहे, कारण दोन माणसांचे भाडे हेच अंधाला घरी बसवण्याचे सर्वांत सामान्य कारण असते. तरीही तिच्यामागची कल्पना मर्यादित आहे. शासनाच्या दृष्टीने साथीदार म्हणजे अंधाला सुखरूप नेऊन आणणारा माणूस. तो काही दाखवणाराही असतो हे नियमांत कोठेही येत नाही. १९९५ आणि २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यांनी, तसेच डिसेंबर २०१५ मध्ये सुरू झालेल्या सुगम्य भारत अभियानाने, उतार, उद्वाहक आणि पायाला लागणाऱ्या खुणेच्या फरशा यांची भाषा आणली, आणि ती आवश्यकच होती, पण संग्रहालयाच्या दारापर्यंत विनाअडथळा पोचलेल्या माणसाने आत काय करायचे हा प्रश्न त्या भाषेत बसत नाही.

मुंबई खरे तर कानांनी पाहण्याजोगे शहर होते आणि काही प्रमाणात अजून आहे. १८७४ मध्ये घोड्यांच्या आणि १९०७ मध्ये विजेच्या ट्राम आल्या; त्यांची रुळांवरची खडखड गाडी कोणत्या रस्त्याने चालली आहे हे सांगत असे. ३१ मार्च १९६४ रोजी शेवटची ट्राम धावली आणि ते आवाज गेले. गिरणगावात भोंग्यांवर पाळ्या बदलत आणि लालबाग-परळच्या अंध रहिवाशालाही तेच घड्याळ होते. १९८२ च्या गिरणी संपानंतर एकेक भोंगा बंद पडला. विद्यापीठाच्या आवारातील १८७८ च्या राजाबाई मनोऱ्याचे टोले अद्याप ओव्हल मैदानावर ऐकू येतात आणि तेथे उभ्या असलेल्या दृष्टिहीनाला दिशा ठरवायला त्यांचा उपयोग होतो. लोकल गाड्यांतील पुढच्या स्थानकाची मराठी, हिंदी आणि इंग्रजी उद्घोषणा ही डोळस प्रवाशांना कंटाळवाणी वाटणारी सोय अंधांसाठी नकाशाच आहे, आणि दिव्यांगांचा डबा जेथे थांबतो ती जागा कळावी म्हणून फलाटांवर ध्वनियंत्रेही बसवली गेली. मात्र गर्दीचा गलका इतका वाढला आहे की एका आवाजाने दुसरा गिळला जातो, आणि हॉर्नच्या माऱ्यात काठीची टकटक स्वतःलाच ऐकू येत नाही.

साथीदाराचे कौशल्य खरे पणाला लागते ते इमारतींपुढे. गेटवे ऑफ इंडिया ही १९२४ मध्ये खुली झालेली कमान सुमारे २६ मीटर उंच आहे, पण ‘फार उंच आहे’ म्हणणाऱ्याने काहीच सांगितलेले नसते. कमानीखालून पावले मोजत चालवले, खांबाच्या पिवळसर बेसाल्टवर हात फिरवू दिला, समुद्राकडून येणारा वारा कमानीत शिरताना कसा बदलतो तिकडे लक्ष वेधले, म्हणजे आकार उभा राहतो. तेथून लाँचने गेल्यावर घारापुरीची लेणी लागतात, आणि अंध पर्यटकासाठी मुंबईच्या परिसरात यापेक्षा समृद्ध जागा क्वचितच असेल. पायऱ्यांची लांब चढण, तिच्या दोन्ही बाजूंच्या दुकानदारांचे आवाज, माथ्यावर पोचताच उन्हातून एकदम गार अंधारात शिरणे, आणि आत बोललेल्या शब्दाला छत व खांब जे उत्तर देतात त्यावरून कळणारा सभामंडपाचा विस्तार, हे सारे डोळ्यांवाचून मिळते. सहाएक मीटर उंचीची त्रिमूर्ती मात्र हाताला पोचत नाही. तेथे वर्णनच हवे, आणि ते ‘तीन तोंडे आहेत’ एवढ्यावर थांबले तर अंधाला ती कोणत्या भावाची, कोणत्या बाजूची, ओठ मिटलेले की विलग, यांपैकी काहीच कळत नाही. याच बेटावरील जो दगडी हत्ती पोर्तुगीजांना ‘एलिफंटा’ हे नाव सुचवून गेला, तो १८६४ मध्ये इंग्लंडला नेण्यासाठी उचलताना पडून फुटला, पुढे १९१४ मध्ये जोडला गेला, आणि आता भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या बाहेर उघड्यावर उभा आहे. केसोबासांच्या दृष्टांतातील मंडळींना संपूर्ण हत्ती दाखवायचा झाल्यास मुंबईत हे ठिकाण सर्वांत सोयीचे ठरावे.

जगात इतरत्रही वाट अशीच चुकतमाकत सापडली. ब्रिटिश नौदलातील जेम्स होल्मन (१७८६–१८५७) पंचविशीत अंध झाला आणि नंतर त्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली. लोखंडी टोकाची काठी आपटून येणाऱ्या प्रतिध्वनीवरून तो भोवताल ओळखी, आणि युरोपातील पहिल्या प्रवासात काही काळ त्याचा सोबती एक बहिरा मित्र होता, म्हणजे एक ऐके आणि दुसरा पाही. सांख्यांचा अंधपंगुन्याय जणू इटलीच्या रस्त्यांवर चालत होता. दृष्टी आणि श्रवण दोन्ही नसलेल्या हेलन केलर १९५५ मध्ये भारतात आल्या तेव्हा त्यांच्या सोबती पॉली थॉमसन समोरचे सारे बोटांच्या खुणांनी त्यांच्या तळहातावर लिहून सांगत. इटलीतील अंकोना येथे १९९३ मध्ये ग्रासिनी या अंध दांपत्याच्या पुढाकाराने होमरच्या नावाचे स्पर्शसंग्रहालय निघाले, जेथे प्रसिद्ध शिल्पांच्या प्रतिकृती हातांनी पाहायच्या असतात. दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयाने २०१५ मध्ये ‘अनुभव’ हे स्पर्शदालन उघडले. परळीच्या गाभाऱ्यात जे नेहमीचे होते ते संग्रहालयांना शे-दीडशे वर्षांनी स्वतंत्र दालन काढून द्यावे लागले, आणि तेही प्रतिकृतींच्या रूपात. ब्रिटनमध्ये २००४ मध्ये अमर लतीफ या दृष्टिहीन उद्योजकाने काढलेल्या ‘ट्रॅव्हलआइज’ या संस्थेने साथीदारीचा व्यवहारच बदलला: तिच्या सहलींत डोळस पर्यटक कमी पैशांत येतात आणि त्या बदल्यात रोज वेगवेगळ्या अंध सहप्रवाशाला वर्णन करून सांगतात. येथे साथीदार नातेवाईक नाही, नोकरही नाही. वर्णन करणे हेच त्याचे भाडे आहे.

महाराष्ट्रात साथीदार आजही बहुतांशी घरचाच आणि बिनपगारी आहे. बीड जिल्ह्यात ऊसतोडीसाठी निम्मे घर वर्षातील काही महिने बाहेर असते, तेव्हा अंध माणसाला गावातून गेवराईला न्यायलाही कोणी नसते, मग मुंबई तर दूरच. १७ सप्टेंबर २०२५ रोजी बीड–अहिल्यानगर रेल्वे सुरू झाल्याने वाट काहीशी सोपी झाली आहे. फोनवरील मराठी वाचनयंत्रणा पाट्या वाचून दाखवतात, आणि २०१५ पासून चाललेल्या ‘बी माय आइज’सारख्या सेवेत दूरवरचा अनोळखी स्वयंसेवक कॅमेऱ्यातून पाहून उत्तर देतो, त्यामुळे साथीदार शेजारी असलाच पाहिजे ही अटही सैल होत चालली आहे. मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयात २००३ मध्ये सुरू झालेल्या दृष्टिहीनांसाठीच्या संसाधन केंद्राने ‘अंतर्चक्षू’ या उपक्रमात डोळस लोकांच्या डोळ्यांवर पट्टी बांधून त्यांना अंधारात हिंडवले, आणि त्या वेळी वाट दाखवणारे अंधच होते.

या बदलाचा सर्वांत कमी लाभ अंध स्त्रियांना झाला आहे. पुरुषाला नातू, मित्र किंवा शेजारी सोबत मिळतो. अंध मुलीबरोबर कोण जाणार हे बाप, भाऊ किंवा नवरा ठरवतो, आणि त्याला सवड नसेल तर प्रवासच रद्द होतो. दादरच्या शाळेसारख्या निवासी संस्थांचे ऐतिहासिक महत्त्व त्यांनी शिकवलेल्या विषयांइतकेच यातही आहे की तेथे मुलींना घराबाहेरच्या सोबतिणी मिळाल्या. मुंबईच्या स्थानकांवर आज दिसणाऱ्या अंधांच्या रांगेत, ज्यात प्रत्येकाचा हात पुढच्याच्या खांद्यावर असतो, सर्वांत पुढे बहुधा अल्पदृष्टी असलेली, म्हणजे उजेड आणि ढोबळ आकार कळणारी, व्यक्ती चालते. तिला जेवढे दिसते तेवढे ती मागच्यांना सांगते, आणि मागचे तिला आवाजावरून फलाट, जिना आणि येणारी गाडी सांगतात.